बंद घरातल्या केळी

"अहो वामनराव, तो नळ बंद करा आधी!"

मी गच्चीवरच्या टाकीत डोकं घालून बसलो होतो आणि खालून मोरीतून धो धो आवाज येत होता. वामनरावांनी नळ पूर्ण सोडला होता. शिवाय बायकोला हाका चालू होत्या, "सुलोचना, इकडे ये, प्रेशर बघ काय आहे!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तीस वर्षं प्लंबिंग केलं, पण घर घ्यायला आलेला एक माणूस असा भेटला नाही ज्यानं आल्या आल्या नळ उघडला नाही. नळ उघडायचा, धार बघायची, मान डोलवायची, झालं! अरे बाबांनो, नळातून पाणी येतं का हे बघायला प्लंबर कशाला हवा? ते शेंबडं पोरही सांगेल. जिथून पाणी यायला नको तिथून ते जातंय का, हे बघायचं असतं. त्यासाठी सगळे नळ घट्ट बंद करून गप बसावं लागतं. आणि गप बसणं कोणालाच जमत नाही.

मी दत्तू मिस्त्री. धुळ्याच्या आयटीआयमधून प्लंबरचा ट्रेड केला आणि जळगावात नगरपालिकेचं लायसन्स काढलं. गोष्ट नव्वद सालानंतरची आहे. तेव्हा घर घेताना कोणी प्लंबरला आधी दाखवत नसे. वास्तुशांतीला भटजी ठरवायचे, पंचांग बघायचे, वास्तू बघणाराही आणायचे. मला बोलवायचे ते राहायला गेल्यावर भिंत ओली झाली की. वामनराव मात्र दीपनगरच्या वीजकेंद्रात बॉयलरवर ऑपरेटर होते. पाईप काय चीज आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणून सौद्याच्या आधी मला घेऊन आले. तरी नळ उघडलाच!

त्यांची रिटायरमेंट तोंडावर आली होती. उभा जन्म कॉलनीच्या क्वार्टरमध्ये गेला. आता क्वार्टर सोडायचं आणि फंडाचे जे काही मिळतील ते सगळे या एका घरात घालायचे, असा बेत. दुसरं घर घ्यायची या जन्मात ऐपत नाही, हे त्यांनी मला रिक्षातच सांगितलं होतं. "मिस्त्री, चुकलो तर चुकलो. नंतर दुरुस्तीला हातात काही उरणार नाही."

त्यांच्या बायकोचं, सुलोचनावहिनींचं, म्हणणं वेगळं होतं. त्यांना आखाजीच्या आत घर हवं होतं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात तो मोठा सण. घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं त्या दिवशी पाण्याची घागर भरतात. मातीची नवी घागर, तिच्यावर लोटा, लोट्यावर डांगर म्हणजे खरबूज, आणि पुढे पुरणपोळी-आमरसाचं ताट. वहिनींनी सासूबाईंची घागर आजवर क्वार्टरमध्येच भरली होती. मरताना सासू म्हणाली होती, "आता भरशील ती आपल्या घरात भर." वहिनींनी ते मनाला लावून घेतलेलं. आखाजीला अठरा दिवस होते.

घर मात्र छान होतं. गावाबाहेरच्या नव्या वस्तीतलं, चार खोल्यांचं, वर स्लॅब, मागे मोठं परस. मालक नाना. एके काळी त्यांचं कापडाचं दुकान होतं. बायको वारल्यावर ते धुळ्याला लेकीकडे राहायला गेले. मुलगा नाही. दोन वर्षं घराला कुलूप. दोन-तीन महिन्यांतून एकदा एसटीनं यायचे, दारं-खिडक्या उघडायचे, केर काढायचे आणि परत जायचे. माणूस तसा सरळ, पण तापट. मला बघताच म्हणाले, "काय भो मिस्त्री, माझ्या घरात खोट काढायला आलास का?"

"नाना, खोट असली तर निघेल. नसली तर मी कुठून काढू?"

"बघ बघ. मी उभा राहून बांधलंय. एक वीट इकडची तिकडे नाही."

कामाला लागलो. वाचणाऱ्यांना समजावं म्हणून पाणी कसं फिरतं ते आधी सांगतो. रस्त्याखाली नगरपालिकेची मोठी लाईन. तिथून अर्ध्या इंचाचा लोखंडी पाईप घराकडे येतो. या घरात तो फाटकातून आत शिरून बाजूच्या बोळानं जमिनीखालून मागच्या परसात गेला होता. तिथे हौद, म्हणजे जमिनीतली टाकी. हौद भरला की आत तरंगणारा गोळा वर येतो आणि पाणी बंद करतो. हौदातून मोटरनं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून घरातल्या नळांना उतरतं.

मी मोटर लावून वरची टाकी भरली. आत भिंतीवर पाण्याच्या रेषेला कोळशानं खूण केली. तशीच खूण हौदात. मग सगळे नळ बंद, आणि चार तास कोणी पाण्याला हात लावायचा नाही. खूण आणि पाणी यांच्यात बोटभर जरी फरक पडला तरी समजायचं, कुठेतरी गळतंय.

मधल्या वेळात बाकीचं. संडासातली साखळी ओढायची फ्लशची टाकी होती. तिच्यात मी कपड्याची नीळ टाकली. आतला वॉशर गेला असेल तर भांड्यात निळे ओघळ दिसतात. नाही दिसले. पाईपाच्या जोडांवर हात फिरवला. लोखंडी पाईपाच्या आट्यांवर ताग गुंडाळून, सफेदा फासून जोड आवळलेले होते, जुनं पण चोख काम. भिंतींना तळहात लावला. ओल असेल तर भर उन्हाळ्यातसुद्धा भिंत गार लागते. सगळीकडे भिंत तव्यासारखी. फक्त स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला, खाली, केसाएवढी एक चीर दिसली. मी नखानं खरवडून बघितली. प्लास्टरची वाटली.

दुपारी मागच्या परसात जेवायला बसलो. सगळ्या परसात सावली अशी एकाच जागी, केळीच्या बेटाखाली. मी एक पान कापलं, धुतलं, त्यावर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेतली आणि मस्त जेवलो. पान हिरवंगार, लुसलुशीत. नाना ओरडले, "अरे, पान कापताना मला विचारायचं तरी! त्या केळी हिच्या आहेत."

म्हणजे त्यांच्या बायकोच्या. कमलकाकूंनी सत्यनारायणाच्या पूजेला खांब मिळावेत म्हणून त्या लावल्या होत्या. नाना वामनरावांना सांगत होते, "माझी एकच अट. सौदापावतीत लिहून घेणार आहे. केळी तोडायच्या नाहीत. ती गेली, मी गेलो, घर बंद झालं, पण या सुकल्या नाहीत. दोन उन्हाळे झाले. मी येतो तेव्हा हिरव्याच असतात. आता याला काय म्हणायचं तुम्ही म्हणा. मी तर म्हणतो ती आहे इथं."

वामनरावांनी मान हलवली. मीही हलवली. भाकरीचा शेवटचा घास खाल्ला, पान दुमडलं आणि टाकीकडे निघालो. इतका मी शहाणा!

चार तास झाले. वरची टाकी, पाणी खुणेला. हौद, पाणी खुणेला. कुठे केसाचा फरक नाही. मी हात पुसत खाली आलो आणि छाती फुगवून सांगितलं, "वामनराव, डोळे मिटून घ्या. अशी लाईन हल्ली बघायला मिळत नाही."

वामनरावांच्या जिवात जीव आला. नाना मिशीत हसले. सौदापावतीचा कागद तयारच होता. इसार द्यायचा, दोघांनी सही करायची आणि नानांना धुळ्याची पाचची एसटी. ती चुकली की पंचाईत, कारण उद्या धुळ्यातलंच दुसरं एक गिऱ्हाईक नानांना भेटणार होतं.

तेवढ्यात सुलोचनावहिनी परसातून आत आल्या. वहिनी सावद्याच्या, केळीवाल्यांच्या लेक. तशा कॉलनीतल्या बायकांसारखं शहरी बोलायच्या, पण केळीचा विषय निघाला की माहेरची बोली बाहेर यायची.

"मिस्त्री, मले एक सांगा. या केळीले पाणी कोन देतं?"

"शेजारी घालत असतील."

"इचारलं मी भिंतीवरून. ते म्हनले, आमाले पियाले पुरत नाही, दुसऱ्याच्या केळीले कुठून घालू?"

"मग मोरीचं जात असेल."

"मोरी दोन वर्षं कोरडी हाये."

मला राग आला. खरं सांगतो, बाई माणसानं माझ्या कामात बोललेलं तेव्हा मला खपत नसे. म्हणालो, "वहिनी, तुम्ही केळी बघा, मी पाईप बघतो."

त्या ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. "केळीच बघते आहे. उन्हाळ्यात चार दिवस पाणी तुटलं तं केळ मान टाकते, भाऊ. आमच्याकडे मोटर जळली की घरात सुतक असल्यासारखं असतं. आणि इथं बंद घरात केळ व्यायलीये! घड पाह्यला का? चला बाहेर. खाली जमीन पाहा."

गेलो. नाइलाजानं गेलो. सगळं परस काळ्या मातीचं. उन्हानं माती तडकून हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. आणि केळीच्या बेटाखाली? पाला बाजूला केला तर एक भेग नाही. मी बोट खुपसलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत सहज गेलं आणि बाहेर आलं तेव्हा ओलं होतं.

आणि मग मला आठवलं. आज पाण्याचा दिवस नव्हता.

या वस्तीत नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, सकाळी सहा ते साडेसात. आज खाडा होता. मी तपासलं ते वरच्या टाकीपासून पुढचं आणि हौदातलं. पण रस्त्यापासून हौदापर्यंतचा जमिनीतला पाईप आज रिकामा होता. रिकामा पाईप गळणार काय? कपाळ! त्या पाईपाला भोक असलं तर ते फक्त दिवसाआड दीड तास बोलणार, आणि मी नेमका तो मुका असताना परीक्षा घ्यायला आलो होतो. वर मीटर कुठे होते तेव्हा? पाणीपट्टी ठरलेली, मग पाणी कितीही जावो. फाटकाजवळचा कॉक, म्हणजे लाईनची मुख्य चावी, ही दोन वर्षं बंद असती तरी निभावलं असतं. कॉक फिरवून बघितला, गंजून उघडाच जाम झालेला.

मी मनाशी आमच्या अहिराणीत म्हणालो, 'दत्तू, हाई काय करं रे तू!' लायसन्स खिशात, तोंडात चटणीची चव अजून तशीच, आणि ज्या पानावर जेवलो त्या झाडाला पाणी कुठून मिळतं हे एकदाही मनात आलं नाही. लाज वाटली. सरळ आत गेलो आणि म्हणालो, "वामनराव, सही करू नका. माझं चुकलं."

नाना उसळले. "मघाशी डोळे मिटून घ्या म्हणालास ना?"

"म्हणालो. आता म्हणतो डोळे उघडे ठेवा. नाना, उद्या सकाळी सहाला पाणी येईल. तेव्हा मला अर्धा तास द्या."

"माझी एसटी आहे. उद्या माझं दुसरं गिऱ्हाईक आहे. तुमच्यासाठी मी थांबायचं?"

वामनरावांचा चेहरा पडला. घर हातचं जातंय हे त्यांना दिसत होतं. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "थोडं गळत असेल, मिस्त्री. नंतर करू की दुरुस्त."

मग मी त्यांना काळ्या मातीची गोष्ट सांगितली. आमच्याकडची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. पाईप परसात गळत असेल तर एका दिवसाचं काम. पण तोच पाईप स्वयंपाकघराच्या कोपऱ्याला पायाला चिकटून वळतो. तिथे गळत असेल तर दोन वर्षं पायाखालची माती दिवसाआड फुगतेय आणि आकसतेय. ती केसाएवढी चीर मग प्लास्टरची नाही, पायाची. चार पावसाळ्यांत तिच्यातून हात जाईल. तसं असेल तर हे घर फुकट मिळालं तरी मी घेऊ देणार नाही.

वामनराव ओट्यावर बसले. सुलोचनावहिनी नानांकडे वळल्या. "नाना, एक रात्र थांबा. जेवायचं मी बघते. उद्याचं गिऱ्हाईक दुपारी भेटेल की." काय वाटलं कोण जाणे, नाना थांबले. म्हणाले, "थांबतो. पण गळती निघाली नाही तर या मिस्त्रीनं माझी माफी मागायची."

"पायावर डोकं ठेवीन," मी म्हणालो.

सकाळी पावणेसहाला आम्ही चौघं बोळात उभे. काल मोटरनं हौद थोडा उपसला होता, म्हणून त्यातला गोळा मी सुतळीनं वर बांधून ठेवलेला, घरातले नळ बंद. म्हणजे पाणी आलं तरी त्याला जायला जागा नाही, पाईप गप्प हवा. मी उघड्या पाईपाला मोठ्या पान्ह्याचं एक टोक टेकवलं आणि दुसरं टोक कानाच्या हाडाला. डॉक्टरांची नळी तशी आमची ही. सहा वाजून गेले. पाईपात हवा फुसफुसली, मग धडधड, मग पाणी भरलं आणि सगळं शांत व्हायला हवं होतं.

नाही झालं. बारीक, सलग आवाज येत राहिला, चुलीवर चहाचं आधण ठेवल्यासारखा.

मी वामनरावांना पान्हा दिला. बॉयलरवरचा माणूस, त्यांना सांगावं लागलं नाही. ऐकून त्यांनी नुसती मान हलवली. मग नाना म्हणाले, "आण इकडे."

नानांनी पान्हा कानाला लावला आणि डोळे मिटले. बराच वेळ ऐकत राहिले. मला वाटलं आता भडकणार. पण त्यांनी पान्हा खाली घेतला आणि म्हणाले, "म्हणजे ती नव्हती तर."

दोन वर्षं हा माणूस धुळ्याहून उन्हातान्हात यायचा, ती हिरवी पानं बघायचा आणि समाधानानं परत जायचा, आणि मी त्याला सांगत होतो की हा फुटका पाईप आहे. गळती शोधल्याचा असा त्रास मला कधी झाला नव्हता.

पण काम अर्धंच झालं होतं. बोळात जिथे जिथे पाईप वर डोकावत होता तिथे मी ऐकत गेलो. परसाकडे आवाज वाढत होता. पण स्वयंपाकघराचा कोपरा आणि केळीचं बेट यांत अंतर जेमतेम चार हात. कानानं एवढं नेमकं सांगता येत नाही. खणावं लागणार, आणि खणायचं तर बेट मध्ये.

"केळीला हात लावायचा नाही," नाना म्हणाले. आवाज शांत होता आणि म्हणूनच मला भीती वाटली. "पाणी कुठूनही येऊ दे. लावल्या तिनंच आहेत. घर राहिलं तरी चालेल माझ्याकडे."

वामनरावांनी हात टेकले. मीही पान्हा पिशवीत टाकला. तेव्हा सुलोचनावहिनी पदर खोचून बेटापाशी उकिडव्या बसल्या.

"नाना, इकडे या. काकूंनी किती लावल्या होत्या?"

"दोन."

"कधी?"

"झाली की सात-आठ वर्षं."

"मग त्या दोन कधीच गेल्या, नाना. केळीले घड एकदाच येतो. घड उतरला की ते झाड संपतं. पण जायच्या आधी बुडाशी पिलं सोडून जातं. हे जे उभं आहे ना, ते पिलाचं पिलू, त्याचं पिलू. आम्ही सावद्याले दर वर्षी हेच करतो. पिलू उचलायचं, दुसऱ्या जागी लावायचं. त्यानं केळ तुटत नाही, पुढे जाते." त्यांनी एका कोवळ्या कोंबावरची माती हातानं सारली. "ही चार मी कंदासकट काढते. त्या कोपऱ्यात लावते. मोठ्या झाडाचा घड तयार होत आलाय, तो उतरवू. आणखी एक पिलू तुम्ही धुळ्याले लेकीकडे न्या."

नानांनी वाकून त्या कोंबाला बोट लावलं. मग म्हणाले, "पाणी कोण घालणार? आता तर पाईपही बंद होणार."

"मी घालीन. दोन कळश्या, रोज."

"रोज?"

"केळीवाल्याची लेक हाये मी. झाड तहानलेलं ठेवून मले घास जात नाही."

नानांनी खांद्यावरचा पंचा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "कुदळ मागच्या खोलीत आहे."

वहिनींनी पिलं काढली ते बघण्यासारखं होतं. मी पाईप काढताना एवढी काळजी घेत नाही. कंदाभोवती गोल खुरपलं, मुळं न तोडता मातीसकट उचललं, पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवलं. मग मी आणि वामनराव खणायला लागलो. दीड हातावर चिखल लागला. आणखी वीतभर खाली पाईप, आणि बेटाच्या बरोबर पोटात सॉकेट, म्हणजे दोन पाईप जोडणारा तुकडा. तो गंजून चाळणीसारखा झालेला, केळीची मुळं त्याला बिलगून बसलेली. पाणी अजून चालू होतं, बारीक कारंजं उडालं आणि वामनरावांचा शर्ट भिजला. ते वेड्यासारखे हसायला लागले.

मी नाही हसलो. माझं लक्ष पायाकडे होतं. पाईपाच्या कडेनं स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडे चर खणत गेलो. एक हात, चिखल. दुसरा हात, ओल. तिसऱ्या हाताला कुदळ टणकन वाजली. माती कोरडी, दगडासारखी, भेगाळलेली. पायापर्यंत पोचलो तरी कोरडीच. केळीनं आलेलं पाणी सगळं पिऊन टाकलं होतं, पायाकडे जाऊच दिलं नव्हतं. चीर प्लास्टरचीच होती. तेवढं तरी माझं बरोबर निघालं!

"घ्या," मी वामनरावांना म्हणालो. "डोळे उघडे ठेवून घ्या."

सौदापावती त्याच दिवशी झाली. नानांनी केळीची अट स्वतःहून खोडली. जुना पाईप मी तोंडं बुजवून तिथेच सोडून दिला आणि नवी लाईन जमिनीवरून भिंतीला क्लॅम्प मारून नेली, की गळली तर पहिल्या दिवशी दिसावी. फाटकाजवळ नवा कॉक बसवला. वामनरावांनी त्यावर वाकून तीनदा उघड-बंद करून बघितला. मी म्हटलं बघा, आता काय बघायचं ते बघा.

आखाजीला मला जेवायला बोलावलं होतं. गेलो तर स्वयंपाकघरात पाटावर एक नाही, दोन घागरी. एक वामनरावांच्या आईची. दुसरीपुढे नाना बसलेले. लेकीच्या सासरी तिच्या आईची घागर भरत नाहीत, म्हणून दोन वर्षं कमलकाकूंची घागर भरलीच नव्हती. हे नाना कोणाला बोलले नव्हते. सुलोचनावहिनींनी आपण होऊन विचारलं आणि निरोप धाडला, काकूंची घागर काकूंच्या घरात भरू, तुम्ही फक्त या.

नानांनी लोट्यावर डांगर ठेवलं. नमस्कार करून उठले ते सरळ परसात गेले. मी मागे गेलो. कोपऱ्यातल्या चार पिलांपैकी तिघांना नवं पान फुटलं होतं, बुडाशी आळं, आळ्यात सकाळचं पाणी. चौथं जरा रुसलेलं होतं. नानांनी खाली वाकून माती चाचपली.

मग मला म्हणाले, "मिस्त्री, पान्हा आणलायस?"

जेवायला पान्हा कोण आणतं? पण माझ्या सायकलच्या पिशवीत तो कायम असायचा. काढून दिला. नानांनी नव्या पाईपाला लावून ऐकलं. सणाचं म्हणून नगरपालिकेनं दुपारपर्यंत जादा पाणी सोडलं होतं, लाईन भरलेली होती.

"काही येत नाही," ते म्हणाले.

"यायलाच नको, नाना."

"हं." त्यांनी पान्हा परत दिला. "चल, सावद्याच्या पोरीनं पुरणपोळ्या केल्यात. गार होतील."

त्यानंतर मी घर बघायला कोणी बोलावलं की आधी विचारतो, तुमच्याकडे पाणी कोणत्या दिवशी येतं? त्याच दिवशी जातो. गेल्यावर टाकीकडे जात नाही, आधी परसाला एक चक्कर मारतो. काही हिरवं दिसलं की मालकाला विचारतो, याला पाणी कोण घालतं? नाव सांगितलं तर ठीक. नाव सांगता आलं नाही तर कुदळ मागतो. आयटीआयमध्ये हे शिकवत नाहीत. मला ते सावद्याच्या एका बाईनं शिकवलं, आणि तेही मी त्यांना "तुम्ही केळी बघा" असं सुनावल्यावर.